आर्डुइनोला पुश बटण कसं जोडायचं: ब्रेडबोर्डपासून चवथीच्या देखाव्यापर्यंत

बटण दाबलं की देखाव्यातले दिवे लागले पाहिजेत आणि वीस सेकंदांनी आपोआप विझले पाहिजेत. चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, गोव्यातल्या माशेल-कुंभारजुव्याकडचे देखावे बघून आलेल्या पोरांच्या डोक्यात हेच घोळत असतं. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे डोळे पेटवायचे तरी मागणी हीच, शिगम्याच्या चित्ररथावरही हीच. काम दिसतं घरातल्या दिव्याच्या स्विचसारखं, आणि म्हणूनच नवखा माणूस पहिल्याच संध्याकाळी अडतो. दिव्याचा हिशेब साधा: करंट मिळाला की पेटायचं, नाही मिळाला की विझायचं. मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे आर्डुइनोसारख्या बोर्डावरच्या प्रोग्राम करता येणाऱ्या चिपची, पिन जवळजवळ करंट घेतच नाही, ती फक्त व्होल्टेज बघते. बटण दाबल्यावर ते व्होल्टेज कुठून येणार, याचा विचार सगळे करतात. दाबलेलं नसताना कुठून येणार, हे राहून जातं, आणि पुढच्या बहुतेक भानगडी तिथूनच निघतात.

इथे आर्डुइनो उनो आर३ हा बोर्ड धरून लिहिलं आहे. नॅनो या छोट्या आर्डुइनोलाही सगळं जसंच्या तसं लागू पडतं, कारण दोन्हींवर चिप एकच: ॲटमेगा ३२८पी, ५ व्होल्टवर चालणारी. वायफायवाल्या ईएसपी बोर्डांच्या खोड्या वेगळ्या, त्या पुढे येतील.

सामान

उनो बोर्ड एक आणि त्याची केबल. उनोला प्रिंटरसारखी चौकोनी तोंडाची केबल लागते. जुन्या नॅनोला मिनी यूएसबी. नॅनोसाठी केबल शोधताना नुसत्या चार्जिंगची केबल हाती लागली, तर बोर्डावरचा दिवा पेटतो, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नाही. यात तासभर सहज जातो. स्वस्त बोर्डांवर यूएसबीसाठी बहुधा सीएच ३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर काही कॉम्प्युटरवर वेगळा टाकावा लागतो.

बाकीचं सामान किरकोळ: चार पायांचे टॅक्ट स्विच (हीच आपली पुश बटणं) पाच, ४०० भोकांचा ब्रेडबोर्ड (डाग न देता वायरी खोचून जोडणी करायची पाटी), दोन्हीकडे टोचं असलेल्या दहा जंपर वायर, १० किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि मल्टिमीटर. पणजी, म्हापसा, मडगावात इलेक्ट्रॉनिक्सचं सुटं सामान विकणाऱ्या दुकानात ‘टॅक्ट स्विच, सहा बाय सहा’ असं मागा. बटण दोन-पाच रुपयांचं आहे, एकच आणू नका. वेगळ्या एलईडीची सध्या गरज नाही, उनोवर पिन १३ ला एक आधीच जोडलेला असतो.

रेझिस्टरचे पट्टे नीट वाचा. १० किलोओहम म्हणजे तपकिरी, काळा, नारिंगी. १ किलोओहम म्हणजे तपकिरी, काळा, लाल. ट्यूबलाइटखाली नारिंगी आणि लाल सारखेच दिसतात. निळ्या अंगाच्या पाच पट्टेवाल्यांत १० किलोओहमची खूण तपकिरी, काळा, काळा, लाल अशी, शेवटी तपकिरी. शंका आली की डोळे ताणू नका, मीटर लावा.

चार पायांचा घोटाळा

टॅक्ट स्विच उलटा करून हातात धरा. दोन बाजूंनी दोन-दोन पाय बाहेर आलेले दिसतील, कुर्लीच्या पायांसारखे किंचित वाकलेले. पाय चार असले तरी बटणाला टोकं दोनच. समोरासमोरचे दोन पाय आतून कायमचे एक असतात: डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा वरचा हे एक टोक, खालचे दोघे दुसरं टोक. एकाच बाजूचे दोन पाय मात्र सुटे, ते बटण दाबल्यावरच जोडले जातात.

पाठ करण्यापेक्षा मोजून बघा. मल्टिमीटर बीप वाजवणाऱ्या कंटिन्युइटीच्या खुणेवर ठेवा आणि दोन टोकं दोन पायांना लावा. न दाबताच बीप वाजली तर ते दोन पाय एकच आहेत. दाबल्यावर वाजली आणि सोडल्यावर थांबली, तर ते आपल्या कामाचे. मीटर जवळ नसेल तर कर्णरेषेतले पाय घ्या, म्हणजे एक डावा वरचा आणि एक उजवा खालचा. बटण कसंही फिरवलं तरी कर्णावरचे दोन पाय कधीच आतून एक नसतात.

ब्रेडबोर्डच्या मधोमध लांब खाच असते, बटण तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसवायचं. सहा बाय सहाच्या बटणाचे पाय एका दिशेला साडेसहा मिलिमीटरवर आणि दुसऱ्या दिशेला साडेचार मिलिमीटरवर असतात. त्यामुळे खाचेवर ते एकाच तऱ्हेनं नीट बसतं. बसत नसेल तर जोर न लावता नव्वद अंशात फिरवा. खाच न ओलांडता एकाच बाजूला घातलंत, तर ब्रेडबोर्डच्या आतली पाच भोकांची पट्टी बटणाची दोन्ही टोकं जोडून टाकू शकते, आणि मग बटण जन्मभर दाबलेलंच.

पाय खाली वाकून आत गेलेत का, तेही बघा. चारातला एखादा भोकाबाहेर दुमडलेला असतो आणि वरून बटण अगदी व्यवस्थित बसलेलं दिसतं.

आधी एक बिनबटणाचा प्रयोग

बटण जोडण्याआधी पाच मिनिटं यावर घालवा. आर्डुइनो आयडीई, म्हणजे प्रोग्राम लिहून बोर्डावर चढवायचं सॉफ्टवेअर, उघडा. फाइल मेन्यूत एक्झाम्पल्स, त्यात डिजिटल, त्यात ‘डिजिटल इनपुट पुलअप’ हा तयार प्रोग्राम आहे. तो पिन २ वाचतो आणि जे दिसेल ते सीरियल मॉनिटरवर (बोर्डाकडून आलेला मजकूर दाखवणारी आयडीईची खिडकी) ० किंवा १ असं छापत राहतो. त्यात पिनमोडच्या पहिल्या ओळीत ‘इनपुट अंडरस्कोर पुलअप’ असा शब्द आहे. त्यातला अंडरस्कोर आणि पुलअप पुसून नुसतं इनपुट ठेवा. टूल्स मेन्यूत बोर्ड आणि पोर्ट निवडा, अपलोड करा. स्वस्त नॅनोवर अपलोड अडलं तर प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’वाला पर्याय घेऊन बघा.

आता पिन २ मध्ये एक जंपर खोचा आणि दुसरं टोक मोकळं सोडा. सीरियल मॉनिटरचा वेग ९६०० ठेवा, नाहीतर अंकांऐवजी कचरा दिसतो. वायरीजवळ हात न्या, वायर चिमटीत धरा, लॅपटॉपचा चार्जर लावा-काढा. शून्य आणि एक मनाला येईल तसे बदलताना दिसतील. कोणी काही दाबलेलं नाही, बटणच नाही, तरीही.

मोकळ्या पिनला ना ५ व्होल्ट, ना ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्ट. तिच्यात शिरणारा करंट इतका नगण्य, की घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुणसुद्धा वायरीच्या टोकाला पकडून तिला हलवू शकते. ५ व्होल्टच्या या चिपवर ३ व्होल्टच्या वरचं व्होल्टेज नक्की १, दीड व्होल्टच्या खालचं नक्की ०; मधल्या पट्ट्यात काय वाचलं जाईल याची हमी नाही. अशा पिनला तरंगणारी पिन म्हणतात. ‘बटण आपोआप दाबलं जातं’ ही तक्रार आली की दहातल्या आठ वेळा पिन तरंगत असते.

खरी जोडणी

उपाय सोपा आहे: कोणी दाबत नसताना पिनला एका बाजूला हलकेच ओढून धरायचं. ५ व्होल्टकडे ओढणाऱ्या रेझिस्टरला पुलअप म्हणतात, ग्राउंडकडे ओढणाऱ्याला पुलडाउन. ॲटमेगा ३२८पीच्या पोटात प्रत्येक पिनसाठी २० ते ५० किलोओहमचा पुलअप तयारच असतो, प्रोग्राममधून तो चालू करता येतो. म्हणून पहिल्या जोडणीला रेझिस्टर लागतच नाही.

यूएसबी काढा. बटण खाचेवर बसवा. त्याच्या एका पायाच्या रांगेतून जंपर काढून बोर्डाच्या पिन २ मध्ये घाला. कर्णावरच्या दुसऱ्या पायाच्या रांगेतून जंपर जीएनडी (ग्राउंड) लिहिलेल्या भोकात. बस्स. दोन वायरी, ५ व्होल्टची गरजच नाही. मघाशी पुसलेला अंडरस्कोर आणि पुलअप परत लिहा. सगळी अक्षरं कॅपिटल, नाहीतर आयडीईला शब्द ओळखता येत नाही. यूएसबी लावा, अपलोड करा.

आता मॉनिटरवर एकसारखा १, १, १ यायला हवा. बटण दाबलं की ० आणि बोर्डावरचा दिवा पेटतो. उलटं वाटतं ना? दाबल्यावर १ यायला हवा असं मन म्हणतं. पण पुलअपने पिन वर ओढून धरली आहे आणि बटण तिला ग्राउंडवर आणतं, म्हणून दाबलं की शून्य. हे उलटेपण एकदा अंगवळणी पडलं की सोडू नका. बटणाकडे जाणाऱ्या दोन वायरींत एकही ५ व्होल्टची नाही, हा मोठा फायदा आहे. देखाव्याच्या लोखंडी चौकटीला वायर घासून साल गेली आणि ती ग्राउंडला टेकली, तर फार तर बटण दाबल्यासारखं होईल. ५ व्होल्टची वायर तशी टेकली तर शॉर्ट.

पुस्तकांत आणि आयडीईतल्या ‘बटण’ नावाच्या जुन्या उदाहरणात बाहेरचा १० किलोओहमचा पुलडाउन दाखवतात: बटणाचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं पिन २ ला, आणि त्याच पिनकडून १० किलोओहम ग्राउंडला. तेही बरोबर आहे, दाबल्यावर करंट फक्त अर्धा मिलिअँप जातो. घोळ होतो तो रेझिस्टर विसरून बटणाचं एक टोक ५ व्होल्टला आणि दुसरं थेट ग्राउंडला लावल्यावर. बटण दाबताच पुरवठा शॉर्ट होतो आणि बोर्ड बंद पडतो. उनोच्या यूएसबीवर आपोआप पूर्ववत होणारा ५०० मिलिअँपचा फ्यूज आहे, म्हणून लॅपटॉपचं पोर्ट सहसा वाचतं. सगळ्या नकली बोर्डांवर तो असेलच असं धरू नका.

पिन कोणती घ्यावी? ० आणि १ सोडा, त्या यूएसबीवरच्या संभाषणासाठी आहेत. तिथे दाबलेलं बटण असेल तर अपलोडच अडतं. १३ वर एलईडी टांगलेला असल्यामुळे काही बोर्डांवर आतला पुलअप तिथे नीट वर ओढू शकत नाही, म्हणून तीही बटणाला नको. २ ते १२ मोकळ्या आहेत. कमी पडल्या तर ए० ते ए५ सुद्धा बटणाला चालतात. नॅनोवरच्या ए६ आणि ए७ चालत नाहीत, त्या फक्त ॲनालॉग वाचतात.

एकदा दाबलं, चारदा मोजलं

आता ‘दाबलं की दिवा चालू, परत दाबलं की बंद’ असं करायला जा. कधी जमतं, कधी दिवा जागचा हलत नाही. बटणाच्या आत धातूची वाटीसारखी पातळ पत्री असते. ती खाली टेकताना टप्पा पडलेल्या चेंडूसारखी काही वेळा उडते आणि मग स्थिरावते. चांगल्या टॅक्ट स्विचमध्ये हे पाचेक मिलिसेकंदांत संपतं. आपल्याला ते कळतही नाही, पण १६ मेगाहर्ट्झच्या चिपसाठी ५ मिलिसेकंद म्हणजे ८० हजार ठोके. प्रत्येक उडी तिला वेगळं दाबणं वाटते. उड्या सम पडल्या तर दिवा पेटून विझून जिथल्या तिथे.

यावरचा इलाज म्हणजे डीबाउन्स: पिन बदललेली दिसली की लगेच विश्वास ठेवायचा नाही, २० ते ५० मिलिसेकंद थांबायचं आणि तोवर तीच राहिली तरच खरं मानायचं. त्याच डिजिटल यादीत ‘डीबाउन्स’ नावाचा तयार प्रोग्राम आहे, त्यात हे ५० मिलिसेकंद आधीच घातलेले आहेत. आपल्या जोडणीला त्यात दोनच बदल लागतात. बटणाच्या पिनमोडमध्ये इनपुटच्या जागी इनपुट पुलअप. आणि जिथे ‘बटणस्टेट बरोबर हाय’ अशी तपासणी आहे तिथे हायच्या जागी लो (हाय म्हणजे १, लो म्हणजे ०). दुसरा बदल विसरलात तर प्रोग्राम बंद पडत नाही, फक्त दिवा दाबताना न बदलता बोट उचलताना बदलतो. ही चूक पटकन लक्षात येत नाही, कारण बोट उचलायला कितीसा वेळ लागतो?

इंटरप्टच्या, म्हणजे पिन बदलताच चालू काम थांबवून चिपला तिकडे वळवण्याच्या सोयीच्या, नादाला सध्या लागू नका. उनोवर पिन २ आणि ३ ला ती सोय आहे आणि नेटवर ‘बटणासाठी इंटरप्टच वापरा’ असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. माणसाचं बोट बटणावर दहावा हिस्सा सेकंद तरी असतंच, तेवढ्यात प्रोग्राम ते हजारो वेळा वाचतो. इंटरप्ट लावला की उलट प्रत्येक उडी हमखास पकडली जाते.

देखाव्याचा प्रोग्राम

वीस सेकंदांच्या देखाव्याला डीबाउन्सचा तो लांबलचक प्रोग्रामही नको. ‘डिजिटल इनपुट पुलअप’ पुन्हा उघडा. तीन ठिकाणी १३ लिहिलं आहे, तिथे ८ करा. कारण असं, की बोर्ड चालू होताना बूटलोडर (नवा प्रोग्राम चढवून घेणारा बोर्डावरचा छोटा प्रोग्राम) पिन १३ ला दोन-तीनदा लुकलुकवतो. त्या पिनला रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, असेल तर वीज आल्या-आल्या तो टकटक करतो.

मग सगळ्यात शेवटी, जिथे एल्सच्या कंसात दिवा हाय होतो, त्या ओळीखाली चार गोष्टी घालायच्या, याच क्रमाने. डिले २००००, म्हणजे २० सेकंद. डिजिटलराइट ८ लो, म्हणजे दिवे बंद. मग व्हाइल: पिन २ लो आहे तोवर इथेच थांब. शेवटी डिले ५०. ओळी अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या, डिजिटलराइटमधला डब्ल्यू कॅपिटल, ओळीच्या शेवटी अर्धविराम. व्हाइलच्या तपासणीत बरोबरची खूण दोनदा हवी. एकदाच दिलीत तर इथे आयडीई नशिबाने चूक दाखवते, पण इफमध्ये साध्या नावाबरोबर हीच चूक केली तर ती गुपचूप खपते.

ती व्हाइलची ओळ फालतू दिसते, पण तिच्याशिवाय देखावा चालत नाही. गर्दीतलं पोर बटण दाबून धरूनच ठेवतं. ती ओळ नसेल तर वीस सेकंद संपताच दिवे पुन्हा पेटतात आणि बटण सुटेपर्यंत विझतच नाहीत. ती असली की बोट उचलल्याशिवाय पुढची पाळी नाही.

‘डिले वापरू नका’ असा सल्ला सगळीकडे मिळतो, कारण डिले चालू असताना बोर्ड बटणाकडे बघत नाही. एकाच वेळी तीन बटणं आणि एक मोटर सांभाळायची असेल तर तो सल्ला पाळा आणि मिलिसच्या (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारी आज्ञा) हिशेबाने लिहा. इथे मात्र देखावा चालू असताना कोणी बटण दाबलं तर दुर्लक्षच करायचं आहे, म्हणजे डिलेचा दोषच कामाला येतो.

वेळ वाढवताना एक सापळा आहे. चाळीस सेकंदांसाठी डिलेत ४०००० लिहिलंत तर ठीक. वाचायला सोपं म्हणून ४० गुणिले १००० लिहिलंत तर घात. उनोवर साध्या पूर्णांकाची मर्यादा ३२७६७ आहे, गुणाकार तिच्यापलीकडे गेला की आकडा ऋण होतो आणि डिले त्याला प्रचंड मोठी संख्या समजतो. हिशेब येतो जवळपास ५० दिवस. दीड दिवसाचा गणपती केव्हाच पोचलेला असतो, दिवे पेटलेलेच.

पिन ८ वर थेट लावायचा तो एकच एलईडी, २२० ओहमच्या रेझिस्टरसह. एका पिनकडून २० मिलिअँपपेक्षा जास्त घेऊ नये, ४० ही चिपची कमाल मर्यादा. १२ व्होल्टची एलईडी पट्टी असेल तर मध्ये मॉस्फेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) किंवा रिले मॉड्यूल घाला. बाजारातली बरीच निळी रिले मॉड्यूल लो दिल्यावर चालू होतात, तेव्हा त्यांच्यासाठी पिन ८ चे हाय-लो उलटे लिहा. २३० व्होल्टची माळ रिलेवर घ्यायचीच झाली तर ती बाजू वायरमनकडून करून घ्या, आणि बटणाची वायर तिच्यापासून वेगळ्या वाटेने न्या.

लांब वायर

टेबलावर चाललेलं बटण मंडपात नेलं की वेडं होतं. बोर्ड देखाव्यामागे, बटण पुढे कठड्यावर, मध्ये चार-पाच मीटर वायर. पंखा बंद केला की दिवे पेटतात, बाजूची मोटर सुरू झाली की पेटतात. चार मीटरची वायर म्हणजे अँटेना, आणि आतला २० ते ५० किलोओहमचा पुलअप तिच्यापुढे दुबळा पडतो.

बोर्डाजवळ हे करा. ५ व्होल्टपासून २.२ किलोओहमचा रेझिस्टर घ्या, पट्टे लाल, लाल, लाल. त्याच्या दुसऱ्या टोकाला बटणाकडून येणारी वायर जोडा. त्याच सांध्यावरून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर ग्राउंडला. त्याच्या अंगावर १०४ छापलेलं असतं. आणि त्याच सांध्यावरून १ किलोओहममधून पिन २ कडे. २.२ किलोओहम पिनला घट्ट वर धरतो, कपॅसिटर बारीक काटे गिळतो, आणि १ किलोओहम पिनला राखतो. प्रोग्राममध्ये चुकून पिन आउटपुट आणि हाय झाली असताना कोणी बटण दाबलं, तर तो नसल्यास पिन थेट ग्राउंडवर शॉर्ट होते.

वायर म्हणून जुनी लॅन केबल उत्तम. तिच्यातली पिळलेली एकच जोडी घ्यायची, निळी आणि निळी-पांढरी: एक बटणाची, दुसरी ग्राउंडची. वेगवेगळ्या जोड्यांतली एक-एक घेतलीत तर पिळाचा फायदा गेला.

गर्दीसमोर टॅक्ट स्विच टिकत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारं घराच्या बेलचं बटण घ्या: मोठं, मजबूत, आणि स्प्रिंगने परत येणारं. आत दिवा असलेलं नको. आणि एकदा दाबलं की आतच राहणारं, खटक्याचं बटण तर मुळीच नको. २३० व्होल्टसाठी बनवलेल्या संपर्कांवर हवेने बारीक थर चढतो आणि अगदी नाजूक करंट तो भेदू शकत नाही, २.२ किलोओहममुळे दोनेक मिलिअँप जातात, हाही त्या रेझिस्टरचा उपयोग.

पावसाळी हवा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर ब्रेडबोर्ड आणि जंपर यांच्यावर भरवसा ठेवू नये, समुद्राजवळच्या घरात तर नाहीच. भोकांतल्या पत्र्यांवर आणि जंपरच्या टोकांवर काळपट थर येतो. जोडणी दिसते, असत नाही. प्रयोग ब्रेडबोर्डवर करा, पण देखाव्यासाठी तेच झीरो पीसीबीवर (भोकं पाडलेली, डाग द्यायची पाटी) डाग देऊन घ्या. २५ वॅटची सोल्डर गन पुरते. टोक पायाला आणि तांब्याला एकदम टेकवा, तीनेक सेकंदांत सोल्डर पसरलं की काढा. जास्त वेळ धरलं तर बटणाचं प्लास्टिक मऊ पडून ते अडकू लागतं. येणाऱ्या-जाणाऱ्या वायरींना स्क्रूवाले टर्मिनल लावा, आणि बोर्ड झाकणाच्या डब्यात ठेवा.

ईएसपी घेतला असेल तर

ईएसपी३२ आणि नोडएमसीयू (ईएसपी८२६६ चिपचा बोर्ड) ३.३ व्होल्टचे आहेत, त्यांच्या पिनला ५ व्होल्ट दाखवू नका. वरच्या लांब वायरीच्या जोडणीत २.२ किलोओहम ३.३ व्होल्टला लावायचा. ईएसपी३२ वर ३४, ३५, ३६, ३९ या पिनांना आतला पुलअपच नाही. इनपुट पुलअप लिहिलं तरी त्या तरंगत राहतात, आणि चूकही दाखवली जात नाही. नोडएमसीयूवर डी३, डी४, डी८ टाळा. बोर्ड चालू होताना त्या पिनांवरचं व्होल्टेज बघून चिप कुठून सुरुवात करायची ते ठरवते, आणि बटण दाबलेलं असेल तर ती सुरूच होत नाही. डी५, डी६, डी७ निर्धोक.

चालत नसेल तर

सीरियल मॉनिटर उघडा आणि आधी आकडे बघा, वायरी नंतर हलवा. कायम १ येतो आणि दाबूनही बदलत नाही: ग्राउंडची वायर सुटली आहे, किंवा एखादी वायर बटणाच्या पायाच्या रांगेऐवजी चुकून तिसऱ्याच रांगेत आहे, किंवा प्रोग्राममधली पिन आणि वायरीची पिन वेगळी. ३ मध्ये खोचून २ वाचत बसणं फार सामान्य आहे. खात्रीसाठी पिन २ ची वायर बटणातून काढून थेट जीएनडीला टेकवा. आता ० आला तर बोर्ड आणि प्रोग्राम ठीक, दोष बटणाकडे.

कायम ० येतो: दोन्ही वायरी समोरासमोरच्या पायांवर आहेत. बटण जागेवरच ठेवून एक वायर त्याच बाजूच्या दुसऱ्या पायाच्या रांगेत हलवा.

० आणि १ नाचतात: इनपुट पुलअप लिहायचं राहिलं. ३ मध्ये खोचून २ वाचत बसणं फार सामान्य आहे.

आकडे बरोबर, पण वायर हलली की बिघडतात: जंपर बदला. आतली तार टोचापाशी तुटलेली असते आणि बाहेरचं प्लास्टिक तिला धरून ठेवतं. मोठा, ८३० भोकांचा ब्रेडबोर्ड असेल तर कडेच्या लाल-निळ्या रेघा मध्यभागी तुटलेल्या दिसतात का बघा. रेघ तुटली असेल तिथे आतली पट्टीही बहुधा तुटलेली असते, आणि ग्राउंड अर्ध्याच बोर्डाला पोचतं. दोन भोकांमध्ये एक छोटा जंपर टाकला की काम झालं.